काटा

जिनिंगच्या वजनकाट्यावर मी बावीस वर्षं बसतो.
पांढरकवड्याच्या रस्त्यावर कोणीही सांगेल, काटाबाबू.
खरं नाव रेशनकार्डावर आहे.

दसरा उलटला की गाड्या रांगेनं लागतात,
मशीन घुमू लागते आतल्या आत,
आणि हवेत उडतो कापूस,
दिसेल न दिसेलसा, भुरका,
भुवईवर बसतो, चहावर बसतो,
नाकात शिरतो, स्वतःच्या घरात शिरावं तसा.
मग मी शिंकतो.
एक नाही. अकरा, बारा, कधी सतरा.
हमाल मोजतात, चहाची पैज लावतात.

गाडीवाल्यांना मात्र हसू येत नाही.
काट्यावर गाडी चढली अन् मी शिंकलो
की शालिक येरमे बैल मागं घेतो,
"थांब बावा, जराक बसू दे,"
चप्पल झाडतो, पाणी पितो, मग पुन्हा चढवतो.
मेहुणीची सोयरीक माझ्याच नाकानं मोडली,
हे सासऱ्यांनी मरेपर्यंत धरून ठेवलं.

पिवळी गोळी खाल्ली की डोळे मिटायचे.
एकदा अठराचे एक्क्याऐंशी लिहिले. क्विंटल.

"बाजाराच्या दिवशी शाळेत कुमरे मॅडम सुया टोचते म्हनते,"
बेबी भाकरी थापता थापता म्हणाली.
"पायातला काटा काट्यानं निघते,
नाकातला काऊन नाई निघनार?"

तिसरीचा वर्ग. बाकांवर सतरंजी, भिंतीवर बेचा पाढा.
मला वाटलं होतं, पोतं शिवायच्या दाभणाएवढी असेल;
सुई निघाली केसासारखी.
एक अंगठ्याच्या बेचक्यात,
दोन नाकपुड्यांच्या कडेला,
एक भुवयांच्या मधोमध, बेबी कुंकू लावते तिथं.
दुखलं नाही. जड वाटलं थोडं,
कुणी पासंग ठेवून गेल्यासारखं.
"हलू नका," मॅडम म्हणाल्या, "वीस मिनिटं."
मी लोकांना बावीस वर्षं हेच सांगतो.

"बरं होईल?"
"काहींना होतं. काहींना नाही.
गोळी एकदम सोडू नका, अन् फडकं बांधत जा."

आठ बाजार झाले. शिंका तीनवर आल्या.
सुयांनी, फडक्यानं, की यंदा वाराच कमी होता,
मला काय ठाऊक. मी वजन सांगतो,
कारण सांगणारा काटा अजून निघाला नाही.

मग वास यायला लागले.
बैलांच्या पाठीचा. सरकीचा, तेलकट.
बेबीच्या बोटांना लसणाचा, म्हणजे तो कायमच असणार.
आणि एका सकाळी शालिकच्या गाडीतून
आंबूस, ओल्या गोणपाटासारखा:
वर कोरडा कापूस, खाली रात्री शिंपडलेलं पाणी.

एवढी वर्षं हा वास इथंच होता?
किती पाणी मी कापसाच्या भावानं लिहिलं?

शालिक माझ्याकडे बघत नव्हता, बैलाच्या शिंगाकडे बघत होता.
मागं अकरा गाड्या.
मुनीम पावतीबुक उघडून उभा.
मी फडकं खाली ओढलं
आणि शिंकलो.
खोटं. जोरात.

शालिकनं कासरा आवरला.
"आज काई जमत नाई," पुटपुटला,
गाडी वळवली, घराकडे, अंगणातल्या उन्हाकडे.

काटा शून्यावर यायला जरा वेळ घेतो.
हमालानं बोट वर केलं: एक.
थांबला. वाट बघितली.
चहा आज कोणीच जिंकलं नाही.