पिशवी

गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न तोच,
"मादी आसा मा? नर नको हां."
मी रातांब्याची पिशवी उचलते,
कलमाची गाठ दाखवते.
पट्टी मीच बांधलेली, मला ठाऊक असतं.
बियांचं रोप मात्र मुकं.
सहा वर्षं, कधी आठ,
तीच तांबूस पालवी, तेच पाणी घालणं,
फुलल्याशिवाय कळत नाही.
आणि नर निघाला की कोयता.

माझ्यासाठी सोळा वर्षं थांबले.
आईनं जुनी लुगडी फाडून
ट्रंकेत घड्या घालून ठेवल्या होत्या.
त्या घड्यांना कसर लागली.
मग कुडाळ. पोटावर गार जेल.
डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत
आईला म्हणाल्या, मला नाही,
"पिशवी तयारच झालेली नाही.
बाकी सगळं नीट आहे."

बाकी सगळं.

परतताना एसटीत आईनं
सुक्या बांगड्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली
आणि मोचेमाड येईपर्यंत
तोंड खिडकीकडे.

काकी तेव्हापासून म्हणते,
"ता खंयचा बायलमाणूस? नुसता सोंग."
पण पहाटे विहिरीवर दोर माझ्याच हातात.
रापण लागली की खवले माझ्याच नखांत.
काकीच्या सुनेचं बाळंतपण मी काढलं,
चाळीस दिवस शेगडी, धुरी, दुपटी.
बारशाला गोविंद घ्या म्हणायला
पाळण्याखाली हात धरायला
मला कुणी हाक मारली नाही.
मी मागल्या दारी टोप घासत होते.
टोप घासताना
सोनोग्राफीचा कागद कुणी मागत नाही.

जत्रेला दाजी केळुसकर राणी होतो.
दोनदा दाढी खरवडून आमच्या पडवीत रंग लावतो,
निऱ्या माझ्याकडून सारख्या करून घेतो.
वनवासात निघताना तो असा रडतो
की काकी पदराला नाक पुसत म्हणते,
"बायल व्हयी तर अशी."
सकाळी दाजी बनियनवर विडी ओढत
पाणी तापलं नाही म्हणून बायकोवर खेकसतो.
राणी खुंटीला टांगलेली असते,
काखेत घामाचा डाग.

मला तसं टांगता येत नाही.
खरं सांगायचं तर टांगायचंही नाही.
महिन्यातून दोन दिवस छाती ठणकते,
ब्लाऊज घट्ट होतो,
कशाला कोण जाणे, कुणाला सांगण्यासारखं नाही.
"बाकी सगळं"मध्ये तेही आलं असेल.
देह काहीतरी म्हणतो आहे
आणि पूर्ण म्हणत नाही.

पंपामागे एक नर झाड आहे.
मालक दोनदा तोडायला निघाला,
मी म्हटलं सावलीला असू दे.
तुम्ही लगेच म्हणाल, ही स्वतःला त्यात बघते.
नाही हो. सावलीच लागते तिथे,
कलमं करताना ऊन डोळ्यांत येतं.

काल रेडीची एक बाई आली.
मागे मुलगी, सोळाएक वर्षांची,
ओढणी दोन्ही मुठीत धरलेली.
बाईनं रोपं बघितली, भाव विचारला,
नर-मादी विचारलं नाही.
मग हळूच, पंपाच्या आवाजाखालून,
"तुमका कधीच..."
एवढंच.

मी पंप बंद केला.
मुलीला म्हटलं, बस गो इकडे.
माती भरायला लाग.
अर्धी लाल माती, थोडं कुजलेलं शेण,
वाळू समुद्राची नको, मुळं जळतात,
नदीची घे, चाळून.
आणि बुडाला भोकं पाड आधी,
पाणी साचलं तर काहीच जगत नाही.

ती भरत गेली.
तिची आई सावलीत उभीच.
उन्हं कलेपर्यंत आमच्या त्रेचाळीस पिशव्या झाल्या.
कशात काय लावायचं
ते अजून ठरवलेलं नाही.