नऊ चौकटी

आयटीआयच्या मागच्या हॉलात
बिराजदार मॅडमनी भिंतीला कागद चिकटवला,
लग्नात पंगतीच्या टेबलावर अंथरतात तसला, गुंडाळीचा,
आणि पट्टी न लावता नऊ चौकटी पाडल्या.
म्हणाल्या, यात तुमचा धंदा मावला पाहिजे.

माझा धंदा तेव्हा मावत होता
हप्त्यावरच्या एका मशीनमध्ये, साडेसहा किलोच्या.
ट्यूशन एरियातल्या पोरांचे कपडे.
गठ्ठ्याला नंबर, नंबराला सेफ्टी पिन.
डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना
मोजा सुलटा करायची फुरसत नसते,
एवढं मला शिकायच्या आधीच ठाऊक होतं.

इरफान पटवेकर औशाहून यायचा.
त्याला अभ्यासिकांना इन्व्हर्टर भाड्यानं द्यायचे होते.
पहिल्याच दिवशी नऊही चौकटींत पिवळ्या चिठ्ठ्या लावून मोकळा.
मॅडमनी वाचल्या, एकेक उपटली,
त्याच्याच तळहातावर ठेवली.
हे तुला वाटतं. आता विचारून ये.

मी लिहिलं, ग्राहक : विद्यार्थी.
काय देता : वेळ.
लिहिताना हसू आलं,
पहाटे चारला उठणारी बाई वेळ विकायला निघाली.
खर्च : वीज, पावडर, टँकर.
टँकरवाल्याला चहा पाजता का? पाजते.
मग तोही लिहा.
लिहिला. दिवसाला दहा रुपये,
महिन्याला तीनशे,
एवढा चहा मी घरात कुणाला पाजला नव्हता.

आणि मे महिना? मॅडमनी विचारलं.
परीक्षा झाली की खाडगाव रोडच्या खोल्या ओस,
माझ्या दोऱ्यांवर नुसत्या चिमण्या.
ती चौकट मी बरेच दिवस कोरी ठेवली.

गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मॅडम म्हणायच्या,
तुमचा पैसा त्यातल्या कोणत्या रस्त्यानं येतो?
पंधरा जणांना विचारा.
विकू नका. नुसतं ऐका.

पोरं म्हणाली, मावशी, पैसे मम्मी पाठवते, तिलाच विचारा.
म्हणून रविवारी हॉस्टेलच्या फाटकात उभी राहिले.
डबे घेऊन आया येतात,
उदगीरहून, अहमदपूरहून, एसटीच्या धुळीसकट.
बारा जणींनी भाव पाडून मागितला.
एकीनं माझ्या हाताच्या भेगा पाहून
कोणती पावडर वापरता, तेवढं विचारलं.

एकेचाळीस नंबरची आई मुखेडची.
ती म्हणाली, समदे नका धूत जाऊ ताई.
शनवारचे दोन शर्ट तसेच राहू द्या.
मी नेत जाते.
घरी मशीन हाय का?
न्हाई ओ.
मग?
तिनं पिशवीची गाठ सोडली,
पुन्हा बांधली.
आल्या आल्या थोडंच धुते मी, म्हणाली.
राहतेत दोन दिवस खुंटीला.

मी कागदापुढं उभी राहिले ती चिठ्ठी घेऊन.
ग्राहकाच्या चौकटीत ठेवली, तिथून काढली,
'काय देता'च्या चौकटीत नेली.
काय लिहू? न धुतलेले शर्ट?
इरफान मागून म्हणाला,
आपा, न धुण्याचेबी पैसे घ्या, खर्च शून्य!
सगळा हॉल हसला. मीपण.
मॅडम हसल्या नाहीत.
चष्मा कपाळावर सरकवून
वाचत राहिल्या, दोन शब्दांची चिठ्ठी,
आणि एवढंच म्हणाल्या,
हे तुम्हाला मी शिकवलं नाही, कुशावर्ताताई.
भाव काय लावणार?

तो अजून ठरला नाही.
कागद आता मशीनच्या मागं आहे,
वाफेनं चिठ्ठ्यांचे कोपरे वळतात, एखादी गळते,
मी पुसून परत लावते, कधी दुसऱ्याच चौकटीत.
मेची चौकट अर्धी भरलीय :
लग्नातल्या सतरंज्या, मंडपवाल्याशी बोलणं चालू.

आज रविवार.
बाकीचे गठ्ठे पिळून, वाळवून, घड्या घालून झाले.
एकेचाळीसची पिशवी वेगळी,
कोरडी, खिळ्याला.
मुखेडची गाडी साडेचारला.