घट

थोरल्या दवाखान्यात जिन्याखाली माझं टेबल.
पाटीवर लिहिलंय : मोफत विधी सेवा.
परवा एक जण थांबला, पाटी वाचली, विचारलं,
"दहाव्याचं पण तुमीच बघता काय?"
नाही म्हटल्यावर जरा नाराज झाला :
"मग दवाखान्यात बसून करता काय ओ बाई?"

उजवीकडे ड्रेसिंगची खोली, समोर रक्तपेढी,
मधल्या बोळात मी, शाईचं पॅड,
आणि टेबलाच्या आखूड पायाखाली
घडी घालून सरकवलेला कुणाचा तरी नामंजूर अर्ज.

आज मोमीन सिस्टरनी राजाक्काला आणून बसवलं.
हुपरीची. वडापनं आली, पट्टी बदलायला.
उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत पांढरा,
डाव्या हातात पिशवी, ती खाली ठेवायला तयार नाही.

"घुंगरांस्नी डाग देत बसलो होतो.
नळी सुटली. मी पेटलो."

आमच्याकडे बायकाही आलो-गेलो म्हणतात.
आधी मी अर्जात ते नीट करायचे : आले, गेले, पेटले.
एका म्हातारीला तिचाच जबाब वाचून दाखवला,
तर म्हणाली, "ही कोण दुसरीच बाई हाय."
त्यानंतर सोडून दिलं.
घरी आईशी मी तरी काय बोलतो?

"कामाला कुणाकडं?"
"कुणाकडं न्हाई. घरातच."
"चांदी?"
"शेटची."
"गॅस, नळी?"
"शेटचीच की."
"जागा?"
"माझी. चुलीच्या अंगाला."
"मग मालक कोण, राजाक्का?"
ती क्षयरोगाच्या पोस्टरकडे बघत राहिली.
"मालक वारलं. नऊ वर्सं झाली."

मी पेन खाली ठेवलं. परत उचललं.

शेट येऊन गेले होते म्हणे.
बिस्किटाचा पुडा, उशीखाली पाचशे.
कागद नाही, पगारपत्रक नाही,
तू माझ्या कामावर कधी होतीस, म्हणाले, पण प्रेमानं.
जाताना घरून राहिलेला माल नेला,
पोरीकडून, काट्यावर टाकून.

"काट्यावर? मग लिहून ठेवला असेल."
"लिवत्यात तर! चांदी हाय ती."

पिशवीच्या तळातून, केळ्यांखालून,
एक लाल पुठ्ठ्याची वही निघाली. कोपरे जळलेले.
सोमवार, दिले ४२०. गुरुवार, आले ४१५. घट ५.
सोमवार, दिले ३८०. शनिवार, आले ३७७. घट ३.
प्रत्येक ओळीला शेटची वळणदार सही
आणि शेजारी तिचा उजवा अंगठा.
अकरा वर्षांची एकूण चार वह्या आहेत, म्हणाली,
बाकीच्या तीन पिठाच्या डब्यामागं.

चार वह्या!
मी खुर्चीतून उठलेच.
माणूस कामावर होता याचा कागद नाही,
ग्रॅम मात्र एकही सुटलेला नाही.

जमेल का, सांगता येत नाही.
त्यांचा वकील म्हणेल, ही मजुरी नव्हे, देवघेव.
तारखा पडतील. पोरीला साक्षीला यावं लागेल.
हे सगळं तिला सांगितलं.
तिनं ऐकून घेतलं, मग हळूच तिचं विचारलं :
"त्या दिवशीची चांदी थोडी वितळून सांडली ओ.
ती घट माझ्या मजुरीतनं कापतील काय?"

मी काही बोलले नाही.
पॅड पुढे सरकवलं.
ती सवयीनं उजवा हात उचलायला गेली, थांबली.
डाव्या अंगठ्याला शाई लावली मी,
कागदावर टेकवला, जरा दाबला,
आणि खाली लिहिलं :
उजवा भाजल्यामुळे डावा.

सिस्टरनी गॉजचा तुकडा दिला, शाई पुसायला.
ती पुसत बसली, एक एक रेघ,
वडाप चुकेल म्हटलं तरी.