एकेचाळिसावी खुंटी

रात्रपाळीला मी वाळू सपाट करतो.
दूर, जिथे एकच दिवा डुलतो, तिथे जहाज
समुद्राचा तळ खरवडतं
आणि माणूस उभा मावेल एवढ्या नळातून इथे ओकतं
पाणी, शिंपले, काळपट गाळ,
मग वाळू. राखाडी. चार दिवस
कुजक्या मासळीचा वास मारणारी.
उन्हानं पांढरी होईल, साहेब म्हणाले.
होतेही.

या गावानं पन्नास-पन्नास मजले चढवले
किनाऱ्याच्या अगदी उशाशी.
दुपारी दोनलाच इमारतींची सावली वाळूवर यायची,
लोक टॉवेल उचलून उन्हामागे सरकायचे,
आणि समोरून समुद्र सरकत यायचा.
शेवटी उरली एका छत्रीपुरती जागा.

मी डोंगराकडचा, सफरचंदाच्या बागांतला.
मला समुद्रातलं काही कळत नाही.
मला पातळी कळते:
खुंटीवरच्या लाल रेघेइतकी वाळू,
बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही.

दोना देओनिल्दा यायची पहाटे साडेचारला,
तिच्या उकडलेल्या कणसांच्या गाडीआधी तिची चाळण.
एकेचाळिसाव्या खुंटीपाशी बसून वाळू चाळायची.
पहिल्या दिवशी मी भोंगा वाजवला.
दुसऱ्या दिवशी वाटलं, म्हातारी सोनं शोधतेय.
तिसऱ्या दिवशी इंजिन बंद करून खाली उतरलो.

"कुठून आणता रे ही?"
मी हात लांब केला. तिकडून, बेटाच्या पलीकडून.
"तिकडेच," ती म्हणाली, "आमच्या अल्सिदेसची होडी.
सत्याऐंशी साल. कोळंबीचा हंगाम.
म्हणतात, समुद्राच्या पोटात काही राहत नाही.
राहतं."
आणि चाळत राहिली,
घरात पाहुणे नसलेल्या बाईनं
पीठ चाळावं तशी.

सापडलं ते: घासून गुळगुळीत झालेली हिरवी काच,
एक बटण, प्लॅस्टिकचं, म्हणजे नंतरचं,
जाळ्याचं शिसं एक.
"कुणाचंही असेल," म्हणत तिनं ते
एप्रनच्या खिशात टाकलं.

त्यानंतर एकेचाळीसशी माझं पातं जरा वर उचललं जायचं.
मोजणीवाला क्लाउदिओमार कागद घेऊन आला:
इथेच चाळीस सेंटिमीटर जास्त कशी?
वारा, मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, चाळणीकडे पाहिलं,
आणि लिहिलं: वारा.

आता किनारा रुंद आहे, चारपर्यंत ऊन आहे,
तिच्या गाडीची चाकं वाळूत रुततात,
पाण्यापर्यंत जायला गुडघे नाही म्हणतात,
ती आम्हा सगळ्यांना शिव्या घालते.
मी मात्र अजून इथेच, डागडुजीला.

जूनमध्ये दक्षिणेचं वादळ आलं.
दोन रात्रींत वाळूला कमरेएवढी पायरी पडली,
एकेचाळीस नंबर खुंटीसकट गेला.
साहेब फोनवर ओरडत होते, किती घनमीटर, किती.
उसनं दिलेलं परत न्यायला
कुणी असं मध्यरात्री येतं का?

ती भिंतीवर बसून कणीस सोलत होती.
"नेऊ दे," म्हणाली,
"तेवढी माझी चाळून झालीये."