खडूची रेघ

झुरळं मारायचा खडू. दहा रुपयांना एक.
दिसायला शाळेचाच, जरासा पिवळट.
मोरीच्या कडेनं रेघ ओढून
मी तो पिठाच्या डब्यामागं ठेवला होता,
आणि भाकरी उलटून मागं बघते तर
शिवन्याच्या मुठीत.
फरशीवर एक गोल. गोलाला दोन पाय.
"आई, बाबा."

तिचे हात तीनदा धुतले. नखं कापली.
चौथ्यांदा नुसते हुंगून बघितले.
फरशीवर बाबा तसाच उभा होता,
त्याला फडक्यानं पुसताना कसंतरीच झालं.

त्या रात्री घर नव्यानं बघितलं,
गुडघ्यांवर रांगत, तिच्या उंचीवरून.
न्हाणीत पाण्याला ठेवलेला औषधाचा निळा कॅन,
धुतलेला, म्हणजे आम्ही म्हणतो धुतलाय.
सरबताच्या बाटलीत फिनेल.
तिच्या दुपट्यांच्या घडीत डांबरगोळ्या,
गोल, पांढऱ्या, तोंडात टाकाव्यात अशा.
खुंटीला त्याचा फवारणीचा शर्ट
आणि शर्टाच्या बरोबर खाली
भिंतीला टेकून बसवलेली बाहुली.

द्राक्षाला औषध. झुरळाला औषध. डासाला औषध.
तिच्या खोकल्याची बाटली, तेही औषधच.
मणेराजुरीत आम्ही एकाच शब्दावर
सगळं भागवतो.

अंगणवाडीच्या नसीमताईंना म्हटलं,
ह्या सगळ्याला चांगलं काहीतरी आणायचं तर
महिन्याचा पगार जाईल ह्यांचा.
त्या खिचडी ढवळत होत्या, ढवळतच म्हणाल्या,
आणायला पैसे लागतात गं.
न आणायला कुठं लागतात?

मग कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत बसले.
फिनेल नको. कॉइल नको. काजळाची डबी नको,
नजर लागली तर लागू दे.
वाचले त्यात तासगावच्या बाजारात
तासभर घासाघीस करून मच्छरदाणी घेतली,
एका कोपऱ्यात विरलेली, म्हणून दोनशे वीसला.
वाटीभर सिमेंट मागून आणलं शेजारच्या बांधकामावरनं,
मोरीच्या भेगा बोटानं बुजवल्या.
निळा कॅन टोचून टोचून भोकं पाडली,
परत कुणी त्यात पाणी भरायला नको.
फरशीला आता गरम पाणी आणि चमचाभर सोडा.
शेजारची म्हणाली, पुसलीस कशावरनं? वास तर नाही.
आमच्या आळीत स्वच्छतेला वास लागतो.

राहिला तो.
छाटणी झाली की रोज दुसऱ्याच्या बागेत ब्लोअर,
भुवयांपर्यंत पांढरा होऊन येतो.
आणि ती धावते, दिवसभराची साठवलेली धाव.
परसात बादली मांडली, कपड्यांना वेगळं टोपलं,
शर्ट तिच्या झबल्यांबरोबर भिजवायचा नाही.
आधी आंघोळ, मग लेक.
चार दिवस ती रडली.
चार दिवस तोही साबण लावताना
माझ्याशी बोलला नाही.

पाचव्या दिवशी ताईंनी दिलेला खडू घेऊन,
खरा, शाळेचा,
तिनं उंबऱ्याच्या बाहेर रेघ ओढली.
वाकडी, मध्येच तुटलेली.
"हितं थांब. आंगूळ कर. मग ये."
आणि एवढा थोरला माणूस
हात पाठीमागं बांधून रेघेपाशी उभा राहिला,
उशिरा शाळेत आल्यासारखा.
हसला. किती दिवसांनी.

पहाटे चारला पलीकडच्या बागेत ब्लोअर सुरू होतो.
मी उठून खिडकी लावते, फटीत जुनं पातळ कोंबते,
तरी पडदा हलायचा तेवढा हलतोच.
वाऱ्याला कुठली रेघ दाखवणार?
ह्याचं कॅलेंडरवर काय लिहावं, कळत नाही.

मच्छरदाणीत ती पालथी झोपलेली.
मूठ उघडून बघते,
बोटं अजून पांढरी.
नाकाशी नेते.
खडू आहे. नुसता खडू.