वळसा

एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली.
सिन्नर तालुक्यात असा बांध विरळाच
ज्यावर उभं राहून मी दोन सख्ख्या भावांना
एकाच आईवरून शिव्या देताना ऐकलं नाही.

निवृत्तीनंतरच्या कार्तिकात
ठेलारींच्या एका वाड्याबरोबर निघालो,
नांदूरशिंगोट्यापासून घाटाच्या तोंडापर्यंत.
ठकूबाईनं एवढंच विचारलं,
"पायात काय घालून येनार?"

तळ उठतो तो असा:
आधी कोंबड्या डालीत, मग वाघूर गुंडाळून घोडीवर,
वाघरीवर पाल, पालावर भांडी,
भांड्यांवर रात्रीच जन्मलेलं कोकरू, मान बाहेर काढून.
माझा चहा निवायच्या आत
अख्खं घर चालू लागायचं
आणि मी अजून पिशवीची चेन ओढत असायचो.
चुलीचे तीन दगड तेवढे मागे.
"मागनं येनाऱ्याला लागत्यात."

म्हाळूबा मेंढरं घेऊन आडरानानं,
बायका घोड्या घेऊन वाटेनं.
मुक्काम कुठं, ते ठकूबाई ठरवणार.
पाणी किती लांब, वारा कुठला,
शेजारी कांद्याचं कोवळं रोप आहे का; असलं तर पुढं चला.
ढेकूळ बोटांत फोडायची, हुंगायची,
मग घोडीच्या पाठीवर थाप.
मी इतकी जमीन मोजली,
हुंगली कधी नाही.

पांढुर्लीत एका बागायतदाराशी सौदा:
रात्रभर मेंढरं बसवायची, पाच पायली बाजरी.
"तीन देतो."
"मंग लेंड्याबी तीन पायलीच टाकाय सांगते."
पाचावर ठरलं.

संध्याकाळी सवयीनं मेंढरं मोजायचो. दोनशे बारा.
एकदा दोनशे अकरा भरली.
मी पुन्हा पहिल्यापासून बोटं मोडतोय
तोवर नात मोनी म्हणाली, "कानफाटी न्हाय आली,"
आणि बॅटरी न घेताच अंधारात गेलीसुद्धा.
आकडा तिला कधी ठाऊकच नव्हता.

आठव्या दिवशी भिंत लागली.
समृद्धीची. पलीकडे गाड्या,
नवं कापड टराटरा फाडावं तशा.
घोडी आपोआप थांबली.
पलीकडच्या उतारावर वाट दिसत होती,
आपल्याला सोडून गेल्यासारखी.
खुणेच्या दगडावरचा गट नंबर मी ओळखला.

ही मोजणी माझी.
चैत्र होता, छत्री धरायला कोतवाल होता.
विहीर दाखवली, आंब्याची सात झाडं दाखवली,
गोठ्याची पडकी भिंतसुद्धा. सगळ्याचे पैसे झाले.
वाट दाखवली नाही.
वर्षातून दोनदाच जिच्यावर पावलं उमटतात
तिला नकाशात रंग कुठला द्यायचा
ते आम्हाला शिकवलं नव्हतं.

ठकूबाईला सांगितलं. न सांगता चालवेना.
ती तंबाखू मळत होती.
"तवा आमी कोकनात आसू," म्हणाली,
जणू चुकामूक झाली एवढंच.
मग घोडीचं तोंड फिरवलं.
पुलाखालचा रस्ता दोन कोस मागे.
दोन कोस कुणी बोललं नाही,
फक्त कोकरू.

घाटाच्या तोंडाशी धुकं होतं.
दोनशे बारा पाठी एकेक करून त्यात उतरल्या.
मी मोजल्या नाहीत असं म्हणणार होतो,
पण मोजल्या.

आता गंगापूर रोडच्या घरात
पलंगावर जुना नकाशा पसरला आहे.
मुलाच्या कंपासमधली पेन्सिल घेऊन
ती वाट काढत बसलो,
बांधांवरून, बागांमधून, रस्त्याला आडवी.
सहाव्या मुक्कामाचं पाणी कुठल्या गटात होतं, आठवेना.
मोनीचा नंबर लावला.
घाटाखाली रेंज नसावी.

रेषा तिथंच सोडली आहे.
वैशाखात ती माणसं वर येतील.