चपलांपर्यंत

सहा मीटरची काळी चटई. तिच्या पोटात
दाब ओळखणारे हजारो ठिपके.
महांतेश संगणकामागून म्हणतो, नडीरी अव्वा, निधानक.
बायाक्का शिंत्रे माझ्याकडे बघतात.
मी सांगते, घरात चालता तसं चाला.

पहाटेच्या बसनं निपाणीहून बेळगावात आलेल्या.
बावन्न वर्षं मांडी घालून, मांडीवर सूप,
पानाला कातरी, तंबाखूची चिमूट, दोऱ्याची गाठ,
पुन्हा पान.
पंचवीसची जुडी, चाळीस जुड्यांचा हजार.
"हजार झाल्याबिगर उठायचं न्हाई," त्या सांगतात,
"आन् उठाय गेलं की गुडघं म्हणायचं, बस की अजून."

एक्स-रेत दोन्ही गुडघे सारखे, तिसऱ्या पायरीचे.
फट केसाएवढी, कडांना काटे फुटलेले.
पण तो फोटो उभ्या माणसाचा. म्हणून तर ही चटई.

बायाक्का पदर खोचतात.
मान ताठ. विहिणीच्या मांडवातून जावं तशा
जातात, येतात, जातात.
सेकंदाला शहाण्णव सेंटीमीटर.
डावं पाऊल उजव्याला जवळजवळ जुळणारं.
पडद्यावर हिरव्या-गुलाबी पावलांची
अगदी शहाणी रांग.
मी चौकटीत लिहिते: मध्यम.

"काय वो बाई, छाट झाला का?"
छाट?
"गुडघा वो. आमच्यात तपासणारा असायचा.
मुठीनं बिड्या उचलायचा, एक जरी सैल लागली
तर जुडी मोडून फेकायचा. छाट. त्याची मजुरी न्हाई.
तवापासनं कुणी बघाय लागलं ना,
तर माझा हात चुकत न्हाई."

महांतेश चहा सांगायला गेला.
मी पाठमोरी, वायरी गुंडाळत.
चपला दाराशी, चटईच्या पार त्या टोकाला.
नोंद बंद करायची राहून गेली होती.

मागे वळले तेव्हा पडद्यावर
कुणी दुसरीच बाई चालत होती.
सेकंदाला एकसष्ट.
उजवा पाय टेकतो न टेकतो तोच उचललेला,
तव्यावर पडल्यासारखा.
गुडघा वाकायचं नावच घेत नाही,
कंबर त्याच्यासाठी बाजूला झुकते.
आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवर असण्याचा तो काळ,
एरवी डोळ्याला दिसतही नाही इतका छोटा,
तो लांबलेला. जणू एकेकट्या पायावर
आता कुणाचाच भरवसा उरला नाही.
भिंतीवर तिचा हात. तो चटईला कळत नाही.

नियमात ही फेरी बसत नाही.
न सांगता घेतलेली.
खोडायला एक कळ पुरते.
माझं बोट तिच्यावर होतं, आणि चौकटीत
माझ्याच हातचं "मध्यम".

दाराशी गेले. त्या अंगठा शोधत होत्या चपलेचा,
वाकता येत नव्हतं म्हणून पायानंच चाचपत.
मी म्हटलं, बायाक्का, ही शेवटची धरू का?
"कुठली?"
चपलांपर्यंतची.

बराच वेळ काही नाही.
बाहेर कुणाचा तरी नंबर कन्नडमध्ये पुकारला,
मग मराठीत, मग पुन्हा कन्नडमध्ये.
बायाक्का पडद्याजवळ आल्या,
स्वतःच्या पावलांकडे तपासणाऱ्यासारख्या
बघत राहिल्या.

"ही खरी हाय," म्हणाल्या. "दावायची नव्हती.
सून म्हणंल, आता चूल पण सोडा."

मग चप्पल सापडली.
"धरा. पर छाट लिवू नगा."

मी म्हटलं, तसा रकानाच नसतो आमच्याकडे.
खरं तर असतो. नाव वेगळं असतं एवढंच.

दारातून बाहेर पडता पडता त्या थांबल्या,
चौकटीला धरून, श्वास घेत.
"पयल्या खेपंला बारा पावलं हुती.
ही सोळा झाली."
मी बघतच राहिले.
"मोजत हुतो की, मी बी."